बडोद्याची कमाटीबाग: विश्वामित्रीकाठचे 113 एकर

बडोद्यात बागेचा विषय निघाला की सयाजीराव महाराजांचे नाव आपसूक येते. कागदोपत्री सयाजीबाग, बडोदेकरांच्या तोंडी मात्र कमाटीबागच. पण 1879 मध्ये ही बाग झाली तेव्हा महाराज जेमतेम सोळा वर्षांचे, शिकत होते. कारभार त्यांच्या हाती आला 1881 च्या अखेरीस. मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी 1875 मध्ये गादीवरून दूर केल्यावर राज्याची विस्कटलेली घडी बसवली ती दिवाण सर टी. माधवरावांनी. मूळचे कुंभकोणमच्या मराठी घराण्यातले, आधी त्रावणकोर आणि इंदूरची दिवाणगिरी केलेले. बाग उभी राहिली ती त्यांच्या कारकिर्दीत, आणि हे आवर्जून सांगायला हवे.

तेव्हाचे बडोदे म्हणजे मुख्यतः कोट. मध्ये मांडवी, चार दिशांना लहरीपुरा, पाणीगेट, चांपानेर आणि गेंडीगेट हे दरवाजे, आत पोळी, म्हणजे अरुंद गल्ल्यांतल्या दाट वस्त्या, आणि वाडे. भिंतीला भिंत लागलेली, घरातून आभाळ दिसे ते चौकापुरते. अशा गावाला बाग मिळाली ती कोटाबाहेर, विश्वामित्रीच्या काठावर. पुढे महाराजांनी ती मनापासून जोपासली. 1893 मध्ये जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुम्बीगेल संस्थानाच्या बागांसाठी आले. बंगळूरच्या लालबागेचे काम त्यांच्याकडे आले ते नंतर, 1908 मध्ये. 1894 मध्ये बागेत संग्रहालयाची इमारत झाली. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांतली पोरे सुट्टीत माकडे आणि वाघ बघायला इथेच येत आली.

नदीकाठच्या जागेचे मोल पावसाळ्यात कळते. पावागडाकडून येणारी विश्वामित्री शहरातून नागमोडी जाते, तिच्यात मगरीही आहेत. ती फुगली की तिला पसरायला जागा लागते. बागेत पाणी शिरले तर माती ते पिते, काही दिवस चिखल राहतो, मग हिरवळ परत येते. घरात शिरलेल्या पाण्याचे तसे नसते. ऑगस्ट 2024 च्या पुरात नदीकाठच्या कित्येक वस्त्या पाण्याखाली गेल्या, लोक गच्चीवर अडकले. काठाची मोकळी जमीन बांधकामाला देत गेल्याची किंमत अशी मोजावी लागते.

2011 च्या जनगणनेत शहर 16 लाखांच्या पुढे गेले. कमाटीबाग सगळ्यांत वाटली तर माणशी तीन चौरस फूटही धड येत नाही. नवीन वस्त्यांत मोकळी जागा येते ती टीपी स्कीममधून, म्हणजे नगररचना योजनेतून. गुजरातच्या 1976 च्या नगररचना कायद्यात उद्याने, मैदाने आणि मोकळ्या जागांसाठी स्कीमच्या साधारण 5 टक्के जमीन राखायची तरतूद आहे. त्यातून सोसायट्यांच्या मधोमध छोटे छोटे प्लॉट मिळतात: झोपाळा, घसरगुंडी, कडेने चालायला फरसबंदी. म्हाताऱ्या माणसाला रस्ता न ओलांडता तिथे जाता येते, म्हणून ते हवेतच. पण पुराचे पाणी सामावून घ्यायला किंवा शंभर वर्षांच्या झाडाला मुळे पसरायला तेवढ्या जागेत वाव नाही. त्यासाठी नदीला लागून सलग जमीनच राखावी लागते, आणि तशी जमीन विश्वामित्रीच्या काठी आता फार थोडी उरली आहे.