कुंपण (मराठवाड्यातील घरांचे)

कुंपण : घर, परस, खळे किंवा शेतातला आखाडा (गुरे-अवजारे ठेवायची जागा) यांची हद्द दाखवण्यासाठी आणि गुरे-शेळ्या आत शिरू नयेत म्हणून घातलेला आडोसा. मराठवाड्यात काट्यांच्या कुंपणाला वई, तुराट्या-पऱ्हाट्यांच्या (तुरीच्या व कपाशीच्या वाळल्या काड्यांच्या) आडोशाला कूड आणि बांधीव भिंतीला कंपाउंड म्हणतात.

‘वई’ची व्युत्पत्ती संस्कृत ‘वृति’, प्राकृत ‘वइ’ अशी सरळ लागते. ‘कंपाउंड’बाबत मात्र मतभेद आहेत. ‘मिश्रण’ या अर्थाचा इंग्रजी शब्द लॅटिनमधून आला. ‘आवार’ या अर्थाचा शब्द त्याहून वेगळा असावा. काहींनी तो पोर्तुगीज शब्दांशी जोडला, तर काहींनी मलाय ‘कांपोंग’शी (वस्ती, वेढलेली जागा). यूल व बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (१८८६) या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशाचा कल मलाय पक्षाकडे आहे. अर्थही जुळत असल्याने तेच मत अधिक सयुक्तिक वाटते. नादसाम्यावरून ‘कुंपण’ हे ‘कंपाउंड’चेच मराठी रूप ठरवणे मात्र पटत नाही. ‘कुंपणच शेत खाते’ या म्हणीतले कुंपण शेताचे आहे, बंगल्याचे नव्हे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशातही हा शब्द वईच्याच अर्थाने येतो.

जुन्या गावठाणात घराला वेगळे कुंपण क्वचितच असे. गढी असो, वाडा असो की साधे माळवदाचे (सपाट मातीच्या छताचे) घर, बाहेरची जाड दगडमातीची भिंत हीच हद्द. दार ओलांडले की ढाळज (दारालगतची बसायची जागा). वई असे ती परसाला आणि आखाड्याला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात अशाच भिंती कोसळून लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत हजारो माणसे दगावली. पुनर्वसित गावांत घरे मोकळ्या भूखंडांवर सुटी-सुटी उभी राहिली आणि पाठीला पाठ लावून असलेली गल्ली गेली. मग लोकांनी अंगणाभोवती काटे, जाळी, जमेल तेव्हा भिंत घालून गेलेला आडोसा परत मिळवला. कुंपण केवळ चोराचिलटांसाठी असते असे मानणाऱ्याने ही गावे जरूर पाहावीत.

वईसाठी बोरी-बाभळीच्या फांद्या बेळक्याने (दुबेळक्याच्या काठीने) उचलून बुडखे आत, शेंडे बाहेर असे थर रचतात, पायाने दाबतात आणि वर दगड ठेवतात. वाळल्यावर थर बसतो, म्हणून वर नवी बोराटी चढवावी लागते. वाळवी लागली की एक-दोन पावसाळ्यांत वई संपते. सजीव कुंपणात शेर, घायपात व फड्या निवडुंग येतात. यांपैकी शेवटची दोन अमेरिका खंडातून आलेली आहेत. शेराचा चीक डोळ्यांना घातक असल्याने मुलांच्या घराजवळ तो लावू नये.

पक्के कुंपण आखण्याआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून हद्द कायम मोजणी करून घेणे इष्ट. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार कंपाउंडची उंची साधारणपणे १.५ मीटरपर्यंत, वरचा ०.९ मीटर भाग आरपार दिसणारा ठेवल्यास २.४ मीटरपर्यंत.

खरी कसोटी काळ्या मातीत लागते. तिच्यातली चिकणमाती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. वरवर रोवलेला खांब या उचल-खाचीत दरवर्षी थोडा हलतो आणि काही वर्षांत कलतो. उथळ पायाच्या विटांच्या भिंतीला तिरके तडे जातात. बालाघाट डोंगररांगेच्या माळावर दोन फुटांत मुरूम लागतो, तिथे खड्डा मुरमापर्यंत नेला की काम भागते. गोदाकाठच्या खोल काळीत तसे होत नाही. तिथे भिंतीपेक्षा तारेची जाळी बरी, कारण ती जमिनीबरोबर थोडी हलू शकते. खांबांत आठ ते दहा फूट अंतर, खड्डा किमान दोन फूट आणि कोपऱ्यांना दोन्ही दिशांनी तिरके टेके देतात. तार ओढली की सगळा ताण कोपऱ्यावर येतो. खड्ड्यातली काळी माती परत न टाकता तो काँक्रीटने भरावा व सात दिवस पाणी मारावे. टँकर सुरू असण्याच्या महिन्यांत म्हणूनच हे काम काढू नये.

पहिली तक्रार फाटकाची येते : खांब बोटभर झुकला तरी कडी कोंड्यात बसत नाही. म्हणून फाटकाचे खांब इतरांपेक्षा जाड व खोल घेतात, आणि पावसात जमीन फुगून वर आली तरी ते घासू नये एवढ्यासाठी फाटकाखाली चार बोटे जागा सोडतात.