ऋतुव्रते (ग्वाल्हेरच्या मराठी समाजातील)

ऋतुमानाशी आहारविहाराचा मेळ राखण्यासाठी तिथी, महिना किंवा संक्रांत धरून पाळले जाणारे नेम, उपवास, दान व नैवेद्य यांना या नोंदीत ऋतुव्रते म्हटले आहे. धर्मशास्त्रातील ‘व्रत’ ही संज्ञा याहून पुष्कळ व्यापक आहे. ग्वाल्हेरची मराठी वस्ती मुख्यतः शिंद्यांच्या फौजेबरोबर आणि दरबाराच्या आश्रयाने वाढली. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या दक्षिणेस तळ दिला. त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. या मंडळींनी पंचांग दख्खनचे आणले, पण ऊन, थंडी आणि पाऊस त्यांना उत्तरेचा मिळाला. शेजार ज्यांचा मिळाला, त्यांची महिना मोजण्याची रीतही वेगळी होती. ग्वाल्हेरची ऋतुव्रते समजून घ्यायची तर आधी ही मोजणी पाहावी लागते.

महिन्याची मोजणी : मराठी घरांत शालिवाहन शक आणि अमान्त महिना चालतो, म्हणजे महिना अमावास्येला संपतो. भोवतालच्या हिंदीभाषक समाजात विक्रम संवत आणि पूर्णिमान्त महिना आहे. दोन्हींत शुद्ध पक्षाचे नाव एकच राहते, वद्य पक्षाचे मात्र बदलते. मराठी घरातला माघ वद्य चतुर्दशीचा महाशिवरात्रीचा उपवास शेजारी फाल्गुन कृष्ण चतुर्दशीला होतो. दिवस तोच, महिना निराळा. पाडव्याची गोष्ट अधिक लक्षणीय आहे. शेजारच्या गणनेत होळीनंतर लगेच चैत्र लागतो, पण संवत बदलतो तो पंधरवड्याने, चैत्र शुद्ध प्रतिपदेलाच. त्यामुळे त्यांच्या चैत्राचा पहिला अर्धा भाग सरत्या वर्षात जातो.

श्रावणात हा फरक घराघरांत जाणवतो. शेजारचा ‘सावन’ गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो व राखीला संपतो. मराठी श्रावण त्यानंतर पंधरवड्याने, आषाढी अमावास्या उलटल्यावर लागतो आणि पोळ्याच्या अमावास्येपर्यंत चालतो. दोघांचा सामाईक असा केवळ शुद्ध पक्ष. शिवामूठ वाहणारी मराठी सून तांदूळ, तीळ, मूग, जव (आणि पाचवा सोमवार आलाच तर सातू) हा क्रम आपल्या श्रावणापासून मोजते. तिची पहिली मूठ पडते तेव्हा शेजारणीचे निम्मे सोमवार झालेले असतात.

या दोन रीतींपैकी मूळची कोणती, याविषयी मतभेद आहेत. तैत्तिरीय संहितेत महिना अमावास्येने आणि पौर्णिमेने पुरा करण्याचे दोन्ही उल्लेख (७·५·६) आढळतात. तेव्हा दोन्ही पद्धती प्राचीन मानणे सयुक्तिक दिसते. पूर्णिमान्ताच्या बाजूने ‘पूर्णमासी’ (महिना पुरा होण्याची तिथी) हा शब्दच पुरावा म्हणून पुढे केला जातो. उलट, उत्तरेकडील पंचांगांतही अमावास्येपुढे ३० हा अंक, म्हणजे महिन्याच्या शेवटच्या तिथीचा, लिहितात, १५ नव्हे. अधिकमासही सर्वत्र अमावास्येपासून अमावास्येपर्यंतच धरतात. पूर्णिमान्त गणनेत त्यामुळे निज (म्हणजे अधिक नसलेल्या, नेहमीच्या) महिन्याचा कृष्ण पक्ष आधी येतो, मध्ये अख्खा अधिकमास शिरतो आणि निज शुक्ल पक्ष शेवटी उरतो. गणिताचा पाया अमान्त असून पूर्णिमान्त ही त्यावरची नामव्यवस्था असावी, हे मत यामुळे अधिक ग्राह्य वाटते.

ऋतू सरकण्याचा प्रश्न : दुसरा वाद सायन (ऋतूंना धरून चालणाऱ्या) आणि निरयन (स्थिर ताऱ्यांना धरून चालणाऱ्या) वर्षगणनेचा, आणि त्याच्याशी ग्वाल्हेरचा थेट संबंध आहे. निरयन वर्ष सायन वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे असल्याने संक्रांती दर ७१-७२ वर्षांत ऋतूंच्या एक दिवस पुढे जातात. सूर्याचे प्रत्यक्ष उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होते; मकरसंक्रांत हल्ली १४ किंवा १५ जानेवारीला येते. व्रते ऋतूंसाठी असतील तर पंचांग ऋतूंना धरून हवे, हा सायनवाद्यांचा आग्रह होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले हे या पक्षाचे एक खंदे पुरस्कर्ते होते. लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी शके १८०६ च्या सुमारास सायन पंचांग सुरू केले. ते लोकांत रुजले नाही. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीच्या (१९५२) शिफारशींवरून २२ मार्च १९५७ पासून लागू झालेली राष्ट्रीय दिनदर्शिका सायन आहे, पण सणवार तिच्यावरून कोणी करीत नाही. लेल्यांचा प्रश्न अजून शिल्लक आहे, आणि तो योग्य होता.

आयुर्वेदातही ऋतूंची वाटणी एकच नाही. सुश्रुताने शिशिरादी सहा ऋतूंबरोबर शिशिर वगळून प्रावृट् (पावसाळ्याचा आरंभकाळ) धरणारी दुसरी मांडणी दिली आहे; तीत वसंत फाल्गुन-चैत्राचा होतो. ग्वाल्हेरच्या हवेला ही दुसरी मांडणी जवळची आहे, कारण वैशाखात तेथे वसंताचे काही उरत नाही.

आचार : वटपौर्णिमेला दख्खनमध्ये बहुधा मृगाचा पाऊस लागलेला असतो. ग्वाल्हेरला पावसाळा सामान्यतः जूनच्या अखेरीस पोहोचतो, म्हणून वडाची पूजा अनेकदा लू (उन्हाळ्याचा तापलेला वारा) वाहत असतानाच होते. बायका पहाटेच पूजा उरकतात. शेजारच्या स्त्रिया वटसावित्री आधीच्या अमावास्येला करून मोकळ्या झालेल्या असतात. एकाच वडाला पंधरा दिवसांच्या अंतराने दोनदा सूत गुंडाळले जाते.

काही व्रतांना मात्र ही भूमी दख्खनइतकीच मानवली. भोगीची तीळ लावलेली बाजरीची भाकरी हे त्याचे ठळक उदाहरण. ग्वाल्हेर, भिंड, मुरैना हा बाजरीचाच मुलूख आहे, आणि जानेवारीची कडाक्याची थंडी तिळाला व गुळाला पुण्या-साताऱ्यापेक्षाही अधिक अर्थ देते. भोगीच्या मिसळीच्या भाजीत वांगी, गाजर, हरभऱ्याचे सोलाणे पडतात. पावटा मिळेलच असे नाही. चैत्रगौरीच्या आंबेडाळीचा हरभरा याच भागात नुकताच निघालेला असतो. कैरीचे पन्हे हळदीकुंकवापुरते न राहता उन्हाळाभर, लू बाधू नये म्हणून, घरात असते. पाडव्याचा कडुनिंब, कांदेनवमी आणि चातुर्मासातील कांदा-वांग्याचा वर्ज्यनियम महाराष्ट्रातल्यासारखेच आहेत.

पोळा शहरी घरांत मातीच्या बैलांच्या पूजेपुरता उरला आहे. संक्रांतीचे हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालते. त्या दिवशी अंगणात सूर्यासमोर गोवऱ्यांवर दूध उतू घालवतात.