भाऊ की परका? उंदराचं मूत्र सांगतं

घरातला लहान उंदीर भिंतीच्या कडेने पळताना मुताचे बारीक थेंब मागे टाकत जातो. त्या थेंबांत प्रथिनं असतात, आणि तीही भरपूर. माणसाच्या लघवीत इतकी प्रथिनं सापडली, तर डॉक्टर लगेच मूत्रपिंड तपासायला सांगतील. उंदराच्या बाबतीत तो आजार नाही. नराचं यकृत ही प्रथिनं सतत बनवतं आणि मूत्रावाटे बाहेर जाऊ देतं. एवढ्याशा जिवाला हा खर्च परवडतो कसा?

या प्रथिनांना शास्त्रज्ञ ‘मेजर युरिनरी प्रोटीन्स’, थोडक्यात एमयूपी म्हणतात. प्रत्येक रेणूच्या मधोमध एक पोकळी असते. तिच्यात वासाचे हलके रेणू अडकून बसतात आणि सावकाश सुटत राहतात, म्हणून थेंब वाळला तरी वास टिकतो. त्याहून मोलाची गोष्ट जनुकांत आहे. चौथ्या गुणसूत्रावर एमयूपीची सुमारे २० जनुकं शेजारी शेजारी बसलेली आहेत आणि बहुधा एकगठ्ठा वारशाने मिळतात. त्यामुळे मोकळ्या उंदरांमध्ये दोघांचा प्रथिनांचा संच सहसा जुळत नाही. सख्ख्या भावांचा मात्र कधी कधी तंतोतंत जुळतो.

लिव्हरपूल विद्यापीठातल्या जेन हर्स्ट यांच्या गटाने २००१ साली नेमकं हेच हेरलं. नराच्या हद्दीत त्याच्या भावाचं मूत्र ठेवलं. भावाचा संच वेगळा असेल, तर नर तिथे रेंगाळून हुंगायचा आणि स्वतःच्या खुणा वाढवायचा. संच सारखा असेल, तर तो थेंब स्वतःचाच असल्यासारखा वागायचा. मग त्याच्याच मूत्रात प्रयोगशाळेत बनवलेलं एक एमयूपी मिसळलं, तेव्हा स्वतःचा वासही त्याला परका वाटला!

तोवर वासावरून ओळख पटवण्याचा मान होता प्रतिकारशक्तीच्या एमएचसी जनुकांना. १९७६ साली कुनिओ यामाझाकी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं होतं, की उंदीर जोडीदार निवडताना एमएचसीतला फरक ओळखतात. ते काम भक्कम आहे. पण ते झालं पिढ्यानपिढ्या भावाबहिणींच्या संकरातून तयार केलेल्या वाणांवर, आणि अशा एका वाणातल्या सगळ्या नरांचा एमयूपी संच एकच असतो. तिथे एमयूपीचा प्रश्न विचारताच येत नाही. मोकळ्या उंदरांच्या वंशातले उंदीर प्रशस्त आवारांत सोडून २००७ साली पाहिलं, तेव्हा सारखा एमयूपी संच असलेल्या नर-माद्यांची जोडी अपेक्षेपेक्षा कमी जमली. एमएचसीने असा फरक पडला नाही. मला हा निकाल फार महत्त्वाचा वाटतो, कारण पिंजऱ्यातला उंदीर म्हणजेच उंदीर, असं आपण सहज धरून चालतो.

२०१० साली हर्स्ट यांच्याच गटाने नरांच्या मूत्रातल्या एका एमयूपीला ‘डार्सिन’ असं नाव दिलं. त्याची ओढ मादीत उपजत असते, पण ते हवेत उडत नाही. मादीला थेंबाला नाक लावावं लागतं. एकदा लावलं, की त्या विशिष्ट नराचा हवेतला वास ती शिकते आणि पुढे दुरूनही त्याच्याकडे ओढली जाते. तो थेंब कुठे होता, ती जागाही तिला एका भेटीत पाठ होते. नंतरच्या प्रयोगांत मूत्र काढून टाकल्यावरही माद्या १४ दिवसांपर्यंत त्याच जागी येत राहिल्या.