पायथन नवा, खिडकी डॉसच्या वळणाची

सांगली-साताऱ्याच्या कॉलेजांत बरीच वर्षं प्रोग्रामिंगची पहिली भाषा सी होती, तीही टर्बो सी या जुन्या सॉफ्टवेअरच्या निळ्या पडद्यावर. आता डिप्लोमापासूनच पायथन ही भाषा आली आहे. पण नवखी मुलं अडतात ती बहुधा भाषेत नव्हे, कमांड टाइप करायच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये. पायथनची पहिली आवृत्ती १९९१ची, विंडोजच्या आधीचं एमएस-डॉस १९८१चं. खिडकीच्या खोडी त्या जुन्या घराण्याच्या.

नेहमीची तक्रार अशी: फाइलीवर डबल क्लिक केलं, खिडकी चमकली आणि गेली. ही खिडकी विंडोज त्या प्रोग्रामपुरतीच उघडतं. प्रोग्राम संपला की तीही मिटते. टर्बो सीमध्ये कारण वेगळं होतं: प्रोग्राम संपताच एडिटर परत समोर यायचा आणि आउटपुट पाहायला ऑल्ट-एफ५ दाबावं लागे. त्यावर उपाय म्हणून सगळे शेवटी ‘गेटसीएच’ लिहीत, म्हणजे एखादी कळ दाबेपर्यंत प्रोग्राम थांबे. पायथनमध्ये त्याच जागी ‘इनपुट’ लिहिलं जातं. ही मलमपट्टीच. मधल्या ओळीत एरर आली तर शेवटची ओळ येतच नाही आणि नेमका एररचा मजकूर वाचायचा राहतो. त्यापेक्षा खिडकी आधी उघडावी. फाइल एक्सप्लोररमध्ये आपलं फोल्डर उघडा, वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘सीएमडी’ टाइप करून एंटर दाबा. खिडकी त्याच फोल्डरवर उघडते, आणि तिथून चालवलेला प्रोग्राम संपला तरी मिटत नाही.

फोल्डर बदलायच्या ‘सीडी’ या कमांडनं जाणाऱ्यांना दुसरी ठेच लागते. फाइली डी ड्राइव्हवर ठेवलेल्या असतात; ‘सीडी’पुढे डीमधल्या फोल्डरचा पूर्ण पत्ता दिला, तरी खिडकीतली ओळ सी ड्राइव्हच दाखवते. एररही नाही! पहिल्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. ते १९८३च्या २.० आवृत्तीत आले, आणि प्रत्येक ड्राइव्हचं चालू फोल्डर वेगळं लक्षात ठेवायची रीत पडली. म्हणजे डीचं फोल्डर बदललेलं असतं, आपण मात्र सी ड्राइव्हवर. नुसतं ‘डी:’ टाइप केलं की तिथे पोचतो, किंवा ‘सीडी’नंतर ‘/डी’ जोडावं. फोल्डरांच्या नावांमध्ये उलटी तिरकी रेघ (\) येते तीही तेव्हापासूनच, कारण सरळ तिरकी रेघ (/) कमांडच्या पर्यायांसाठी आधीच खर्ची पडली होती.

नोटपॅडमधून सेव्ह केलेली फाइल ‘सापडत नाही’ म्हणते तेव्हा फोल्डरमधल्या फाइली दाखवणारी ‘डीआयआर’ ही कमांड द्या. नावाच्या शेवटी बहुधा लपलेलं ‘.टीएक्सटी’ दिसेल. नावाचं हे शेपूट, म्हणजे एक्सटेन्शन, लपवायची सवय विंडोज ९५ची.

‘पायथन’ ही कमांडच ओळखत नसेल तर कारण पाथ, म्हणजे प्रोग्राम जिथे शोधायचे त्या फोल्डरांची यादी. ‘सीडी’, ‘डीआयआर’ खिडकीच्या पोटातल्याच कमांड आहेत; पायथन बाहेरचा प्रोग्राम, तो चालू फोल्डरमध्ये आणि मग पाथच्या यादीत शोधला जातो. इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावर तळाशी असलेल्या चौकटीत खूण केली नाही, तर पायथन त्या यादीत जात नाही. खूण करून पुन्हा इन्स्टॉल केलं तरी आधी उघडलेल्या खिडकीकडे जुनीच यादी असते. ती बंद करून नवी उघडावी लागते. २०१२च्या ३.३ आवृत्तीपासून ‘पीवाय’ नावाचा लाँचरही, म्हणजे पायथन सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, सोबत येऊ लागला. ती खूण राहून गेली असेल तरी तो बहुतेक वेळा चालतो.