चरबीचा आकडा सकाळी एक, रात्री दुसरा: काटा परत आणण्याआधी हे वाचा

‘सकाळी २७ टक्के, रात्री २४. काटा बिघडलाय, बदलून द्या.’ शरीरातली चरबी दाखवणारा काटा आमच्याकडून नेलेल्या ग्राहकांची ही नेहमीची तक्रार. आम्ही काट्यावर प्रमाणित वजनं ठेवून पाहतो, तर बहुतेक वेळा वजन बरोबर येतं. काटा ठीक असतो. चुकलेली असते ती उभं राहायची वेळ.

हा काटा वजन मोजतो, चरबीचा मात्र अंदाज बांधतो. धातूच्या पट्ट्यांमधून अगदी सौम्य वीजप्रवाह एका पायातून शिरतो आणि दुसऱ्यातून बाहेर पडतो. स्नायूंमध्ये पाणी भरपूर, त्यामुळे तिथून तो सहज जातो, चरबीत अडतो. हा अडथळा, वजन आणि तुम्ही भरलेली उंची, वय, स्त्री की पुरुष ही माहिती, यांवरून आकडा निघतो. साहजिकच शरीरातलं पाणी इकडेतिकडे झालं की आकडाही सरकतो. दिवसभर उभं राहून पायांत पाणी उतरलं किंवा व्यायामाने अंग तापलं, तर चरबी कमी दिसते. एका दिवसात तीन टक्के चरबी कुणाचीच जात नाही.

म्हणून सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहा-पाणी आणि आंघोळीच्या आधी उभे राहा. काटा फरशीवर ठेवा, सतरंजीवर नको. पावलं कोरडी हवीत. रात्री पायांना तेल चोळलं असेल तर पुसून घ्या. थंडीत टाचांना जाड भेगा पडल्या की पट्टीशी नीट संपर्क होत नाही, तेव्हा ओलसर फडक्याने पुसून मग कोरडे करा. घरात चौघे वापरत असाल तर प्रत्येकाची माहिती वेगळी भरा. मुलाच्या नोंदीवर आजोबा उभे राहिले तर आकडा निरर्थक येणार. रोजचा आकडा वहीत लिहा आणि या आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहा.

आम्ही लगेच बदलून न देता आधी सात दिवसांच्या नोंदी मागतो, ही काहींना टाळाटाळ वाटते. पण नवा काटाही संध्याकाळी हेच करणार, आणि तुमची फेरी फुकट जाणार.

पडताळणीसाठी प्रत्येक काट्यासोबत आम्ही टेप देतो, ती कपाटात पडू देऊ नका. अमेरिकी नौदलासाठी १९८४ मध्ये मांडलेलं सूत्र पुरुषांची उंची, मान आणि कंबर एवढ्यावर अंदाज देतं. स्त्रियांसाठी नितंबांचा घेरही लागतो. पुरुषांनी कंबर बेंबीच्या रेषेत मोजायची, पँटच्या पट्ट्याशी नव्हे. उंची १७० सेंमी, मान ३८, कंबर ९० असेल तर चरबी सुमारे २१.५ टक्के येते. तोच माणूस पोटाखाली टेप धरून ८५ सांगतो आणि १८ टक्क्यांच्याही खाली येतो. मापं घेऊन या, हिशेब आम्ही करून देऊ.

‘वजन तर बरोबर आहे, मग चरबी इतकी कशी?’ असंही विचारतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण दिलं होतं. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि युडकिन यांची ९.१. आपल्याकडे सडपातळ माणसातही चरबी जास्त असू शकते, म्हणूनच नुसत्या वजनावर थांबू नका असं आम्ही सांगतो. पुरुषाची कंबर ९० सेंमी किंवा स्त्रीची ८० सेंमीच्या पुढे गेली असेल, तर काट्याचा आकडा काहीही असो, डॉक्टरांना दाखवा.

पेसमेकर बसवलेल्यांनी या काट्यावर उभं राहू नये. त्यांच्यासाठी साधा वजनकाटा आहे, बदलून नेता येईल. गरोदरपणात चरबीचा आकडा धरू नका.

सात दिवस एकाच वेळी मोजूनही आकडे उड्या मारत असतील, तर आधी सेल बदलून बघा. तरीही तसंच राहिलं तर काटा, वही आणि बिल घेऊन या. तपासणीचे पैसे घेत नाही.