नळी आधी चपटी होते, मग मोडते

डोंगरमाथ्यावर उभारायचा अँटेनाचा हलका मास्ट, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा खांब, वाऱ्याने काडीसारखा कटकन मोडतो, अशी अनेक नव्या हॅम (हौशी रेडिओ) मंडळींची समजूत असते आणि त्या धास्तीने ते जाड, वजनदार मास्ट पाठीवर वाहून नेतात. माझ्या मोडलेल्या मास्टने मला वेगळेच दाखवले. काच-तंतूंच्या त्या नळीवर आडवा तडा नव्हताच. सांध्याच्या तोंडापासून खाली उभ्या पांढुरक्या भेगा गेल्या होत्या आणि त्यांतले तंतू बोटांत कुसळांसारखे रुतत होते.

पोकळ नळी वाकते तेव्हा तिची एक बाजू ताणली जाते, दुसरी दाबली जाते आणि दोन्ही बाजू नळीच्या मध्याकडे सरकू पाहतात, त्यामुळे गोल छेद लंबगोल होतो. शहाळ्यातली प्लॅस्टिकची नळी वाकवून पाहिली तर हे डोळ्यांना दिसते. वाकण्याला होणारा विरोध हा द्रव्य मध्यरेषेपासून किती दूर आहे त्या अंतराच्या वर्गावर अवलंबून असल्याने, 20 मिलिमीटरची नळी चपटी होऊन 16 मिलिमीटरची झाली, तर वरच्या-खालच्या कडांचा वाटा 64 टक्क्यांवर येतो. विरोध घटल्याने नळी आणखी वाकते, वाकल्याने आणखी चपटी होते. ब्रेझियर या संशोधकांनी 1927 साली याचे गणित मांडले. आपल्या मास्टमध्ये बहुतेक तंतू लांबीच्या दिशेने असतात, घेराच्या दिशेने भार मुख्यतः तंतूंना चिकटवून ठेवणाऱ्या रेझिनवर पडतो, म्हणून नळी उभी फाटते. बांबूला प्रत्येक पेरावर आतून पडदा असतो, तो छेद गोल ठेवतो. आपण तेच काम बाहेरून करायचे. प्रत्येक नळीच्या वरच्या तोंडाशी, जिथे आतली नळी तिला उचकटत असते, दोन-तीन सेंटिमीटर रुंदीत मजबूत दोरा वेढ्याला वेढा लावून घट्ट गुंडाळावा आणि त्यावर इपॉक्सीचा पातळ हात द्यावा.

तणावे, म्हणजे मास्टला चहूबाजूंनी ताणून धरणाऱ्या दोऱ्या, टोकाला बांधू नयेत, सुमारे दोन तृतीयांश उंचीवर बांधावेत. सह्याद्रीच्या कातळात मेख शिरत नाही म्हणून तणावे मास्टच्या बुंध्याजवळच्या दगडांना बांधले जातात, आणि तिथेच चूक होते. तणावा जमिनीशी 45 अंशांत असेल तर तो आडवा जितका ओढतो तितकाच मास्टला खाली दाबतो. 60 अंशांत हा दाब आडव्या ओढीच्या 1.7 पट होतो आणि केवळ घर्षणावर टिकलेले सांधे आत घसरतात. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, हेही ध्यानात ठेवावे.

कार्बन-तंतूचा मास्ट अधिक ताठ असतो, पण तो वीजवाहक आहे. त्याला लागून उभी तार लावली तर अँटेनाचा रेडिओशी असलेला मेळ बिघडतो. ‘कधीच मोडत नाही’ या जाहिरातीला भुलू नये. पायाळू माणसावर वीज पडते ही समजूत जितकी निराधार, तितकीच काच-तंतूचा मास्ट विजेपासून वाचवतो ही समजूतही निराधार आहे, कारण त्यावर अँटेनाची तार असते आणि पावसात तो ओलाही होतो. गडगडाट ऐकू येताच माथा सोडावा, मास्ट तिथेच राहिला तरी चालेल.

मास्ट उभारताना सर्वांत बारीक नळी आधी बाहेर काढावी, मिटताना सर्वांत जाड नळीचा सांधा आधी सोडवावा. अडकलेला सांधा ठोकू नये, हलका पीळ द्यावा. प्रत्येक नळी आत सरकवण्यापूर्वी कोरड्या फडक्याने पुसावी, कारण सांध्यात अडकलेला मुरुमाचा एक खडा पुढच्या भेगेची सुरुवात करून ठेवतो.