‘एज ऑफ अल्ट्रॉन’मधील नताशा आणि क्लिंट : एका जुन्या अडचणीची पार्श्वभूमी

‘अ‍ॅव्हेंजर्स : एज ऑफ अल्ट्रॉन’ हा मार्व्हलच्या महानायकांच्या संघाचा दुसरा चित्रपट भारतात २४ एप्रिल २०१५ रोजी, अमेरिकेच्या आठवडाभर आधी, प्रदर्शित झाला. त्यातील व्यक्तिरेखांबद्दल तेव्हा उमटलेल्या संमिश्र प्रतिक्रिया आजही पुरत्या निवळलेल्या नाहीत. वाद आयर्न मॅनवरून किंवा थॉरवरून फारसा झाला नाही; तो झाला अंगी कोणतीही दैवी शक्ती नसलेल्या दोघांवरून, म्हणजे नताशा रोमानॉफ (ब्लॅक विडो) आणि धनुर्धारी क्लिंट बार्टन (हॉकआय) यांच्यावरून. क्लिंट एकदाचा माणसासारखा दिसला म्हणून प्रेक्षक सुखावले, तर नताशाच्या वाट्याला आलेल्या प्रसंगांनी अनेकजण दुखावले. मला ही दोन्ही फळे एकाच मुळाची वाटतात, आणि ते मूळ चित्रपटांपेक्षा बरेच जुने आहे.

स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये ‘अ‍ॅव्हेंजर्स’ हे कॉमिक सुरू केले, तेव्हा संघातले बहुतेक नायक स्वतःच्या मालिका सांभाळून तिथे येत होते. आयर्न मॅनच्या किंवा थॉरच्या आयुष्यात जे महत्त्वाचे घडायचे ते त्याच्या मालिकेत घडणार, त्यामुळे समूहकथेत त्यांना बदलण्याची मुभाच नव्हती. लीने १९६५ मध्ये सोळाव्या अंकात यावर धाडसी तोड काढली : बडी मंडळी बाहेर पडली आणि कॅप्टन अमेरिकेच्या हाताखाली हॉकआय, स्कार्लेट विच आणि क्विकसिल्व्हर हे तिघे आले. हे तिघेही आधी खलनायकांच्या बाजूने वावरलेले, आणि तिघांपैकी एकाचीही स्वतंत्र मालिका नव्हती. साहजिकच त्यांचे रुसवे, त्यांची भांडणे, नेतृत्वावरून हॉकआयने कॅप्टनला मारलेले टोमणे, सारे त्याच अंकांत मावू लागले.

चित्रपटांनी वाट उलटी धरली. २००८ ते २०११ या काळात आधी एकेका नायकाचे चित्रपट आले आणि मग २०१२ मध्ये संघ जमला. नताशा २०१० मध्ये दुसऱ्या ‘आयर्न मॅन’मध्ये साहाय्यक पात्र म्हणून आली, क्लिंट ‘थॉर’मध्ये जेमतेम काही क्षण धनुष्य ताणून उभा राहिला आणि संघाच्या पहिल्या चित्रपटात बराच वेळ खलनायक लोकीच्या संमोहनाखाली होता, म्हणजे तो स्वतः असा आपल्याला धड भेटलाच नाही. ब्रूस बॅनरची, म्हणजे हल्कची, गोष्टही निराळी नाही. हल्कच्या स्वतंत्र चित्रपटांच्या वितरणाचे हक्क युनिव्हर्सल या दुसऱ्या स्टुडिओकडे असल्याने त्यालाही घर उरले ते समूहपटाचेच. ज्यांना स्वतःचे अंगण नाही त्यांचा सगळा संसार या १४१ मिनिटांत, रोबोंच्या धुमाळीतून उरलेल्या फटींत मांडायचा होता.

क्लिंटपुरता तो मांडला गेला. शेतावरचे घर, गरोदर बायको, पोरे, घराची कधी न संपणारी डागडुजी, अंगणात लाकडे फोडताना स्टीव्हने (कॅप्टन अमेरिकाने) नुसत्या हातांनी चिरलेला ओंडका : या प्रसंगांना घाई नाही. दिग्दर्शक जॉस व्हेडन यांनी नंतर सांगितले, की थॉरच्या गुहेचा प्रसंग घ्या, नाहीतर शेतघर कापू, असा स्टुडिओचा आग्रह होता. गुहेचा तो तुकडा आजही ठिगळासारखा दिसतो.

नताशाचा प्रसंग त्याच घरातल्या एका खोलीत आहे. ब्रूस न्हाणीघरातून बाहेर येतो, ती झग्यात वाट पाहत उभी आहे. आपल्याला मूल होऊ शकत नाही, असे तो सांगतो. रेड रूममध्ये, म्हणजे तिला हेर आणि मारेकरी म्हणून घडवणाऱ्या संस्थेत, प्रशिक्षणाच्या शेवटी आपल्यावर वंध्यीकरणाची शस्त्रक्रिया झाली, त्याने सारे सोपे होते, माणूस मारणेदेखील, असे ती सांगते आणि विचारते, की संघात राक्षस तू एकटाच आहेस असे तुला अजून वाटते का? ‘राक्षस’ हा शब्द तिला मारेकरी म्हणून घडवण्याला लागू आहे, असे बचावकर्ते म्हणतात आणि संवाद नीट ऐकला तर तो अर्थ निघतोही. पण मूल न होण्याची गोष्ट त्याला इतकी चिकटून येते, की वांझपणालाच राक्षसीपणा म्हटल्याचा भास व्हावा. हा दोष हेतूचा कमी आणि जागेच्या टंचाईचा अधिक, असे माझे मत आहे. मात्र संघातील सर्वांत जुन्या स्त्रीनायिकेला पुढे खलनायक यंत्रमानव अल्ट्रॉनच्या कोठडीत बसवून ब्रूसला तिच्या सुटकेसाठी धाडण्याला टंचाईची सबब पुरत नाही.

पडद्याबाहेरचा एक तपशीलही त्या रागाला कारण ठरला. चित्रपटात विमानातून मोटारसायकलवर बसून उडी घेते ती नताशा. त्या दृश्यावर बेतलेल्या खेळण्यात मात्र मोटारसायकलवर कॅप्टन अमेरिका होता.

तिचा स्वतंत्र चित्रपट २०२१ मध्ये आला. त्याच शस्त्रक्रियेविषयी तिथे तिची बहीण येलेना हेलिकॉप्टरमध्ये बसून, गर्भाशयापासून बीजांडकोशापर्यंत एकेका अवयवाचे नाव घेत, लहानपणी त्यांच्या वडिलांचे सोंग घेतलेल्या पुरुषाला अवघडून टाकेपर्यंत बोलते, आणि हा राज्ययंत्रणेने केलेला गुन्हा आहे याविषयी शंका उरत नाही. त्याच वर्षी क्लिंटला सहा भागांची मालिका मिळाली. नताशा तोवर २०१९ च्या ‘एंडगेम’मध्ये कड्यावरून पडून मेलेली होती, त्यामुळे तिची गोष्ट मागे जाऊनच सांगावी लागली.